जुने गोवे आणि मंगेशी एका दिवसात: आधी काय, नंतर काय?

म्हापसेकर: नाशिकचे पाच पाहुणे येतायत, त्यांत गुडघे दुखणाऱ्या एक आजी. पणजीहून सकाळी गाडी काढून जुने गोवे आणि मंगेशी दोन्ही करायचंय. क्रम कसा लावू? शिवाय बॉम जेझूची बासिलिका तांबडी आणि बाकी चर्च पांढरी का, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. नीट उत्तर सांगा.

दिवाडीकर: रंगाचं आधी. बांधकाम सगळीकडे जांभ्याचंच, वरून चुन्याचा गिलावा. बॉम जेझूचा गिलावा १९५०च्या दशकात जुनं रूप दिसावं म्हणून काढून टाकला. जांभा मूळचा भोकांचा दगड, पाणी आत शोषतो आणि दरवर्षी पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो. म्हणजे जो तांबडेपणा सगळ्यांना आवडतो, तोच त्या इमारतीचं दुखणं आहे. पाहुण्यांना दर्शनी भिंतीजवळ नेऊन दाखवा: भिंत भोकाभोकांची, पण खांब आणि कोरीवकाम गुळगुळीत, काळपट. तो वसईहून आणलेला बसाल्ट, म्हणजे काळा कातळ. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही. हात मात्र लावू देऊ नका.

आता क्रम. सें कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला, बॉम जेझूचं पश्चिमेला. सकाळी सें बघा, दुपारनंतर बॉम जेझू. उलटं केलंत तर दोन्ही फोटो काळे येतील. सेंला डावीकडेच मनोरा का, हेही विचारतील: उजवा १७७६ साली कोसळला, परत बांधलाच नाही.

फोंडेकर: उजेडाचं पटलं, पण मग मंगेशी भर दुपारी येते. अंगणातली फरशी तेव्हा तापलेली असते, आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. आजींचे पाय भाजतील. सकाळी आठला मंगेशीत पोचा. सात मजली दीपस्तंभ मागे सरकून पाहा, जवळून वरचे मजले दिसत नाहीत. हे देवस्थान मूळचं कुठ्ठाळीचं, पोर्तुगीजांच्या धाकाने १५६० साली इकडे फोंड्याच्या बाजूला हलवलं. हे सांगितलंत की जुन्या गोव्याची चर्च आणि फोंड्याची देवळं एकाच काळाच्या गोष्टीत बसतात. पुढे किलोमीटरभरावर म्हार्दोळचं महालसेचं देऊळ, तिथली कासवाच्या पाठीवर उभी पितळी दीपमाळ चुकवू नका. गुडघे आणि खांदे झाकतील असे कपडे सगळ्यांनी घालावेत.

दिवाडीकर: मान्य, आजी असतील तर हाच क्रम. साडेदहापर्यंत जुन्या गोव्यात या, सेंवर ऊन तेव्हाही असतं. मग जेवून, बसून, तीननंतर बॉम जेझू. आत उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी, आणि ती बरीच उंचावर. 'शव दिसतं' म्हणून आलेल्यांची निराशा होते, तेव्हा आधीच सांगून ठेवा. जवळून दर्शन दर दहा वर्षांनी भरणाऱ्या सोहळ्यातच मिळतं, मागचा २०२४-२५ला झाला. रविवारी सकाळी मिस (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) असते, तो दिवस टाळा. शुक्रवारी पुरातत्त्व संग्रहालय बंद.

म्हापसेकर: मग गुरुवार ठरवतो. सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांकडे आजींना न्यावं का?

फोंडेकर: नको. जमीन खडबडीत, पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं. १९३१ साली पडझड झाल्यावर उरलेला मनोरा रस्त्यावरूनही दिसतो. गाडी थोडी थांबवा, बाकीच्यांनी चढून यावं.