उताराच्या, खाचखळग्यांच्या जमिनीवर गवत कापायला ट्रॅक्टर घेताना काय बघावं?

माळरान:
साधारण ४ एकर जमीन आहे. बराचसा भाग ८ ते १२ अंश उताराचा, पण एका कडेचा पट्टा १८ अंशांपर्यंत जातो. मधेमधे वर आलेले दगड, बुंधे काढल्याचे जुने खड्डे आणि पाण्याने पडलेल्या चरी. वर्षातून तीन-चारदा गुडघाभर गवत कापायचं, बाकी काम फारसं नाही. समोर दोन पर्याय आहेत: २५ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट (लहान ट्रॅक्टर) किंवा त्याहून बराच जड असा ४० एचपीचा टू व्हील ड्राइव्ह. जड ट्रॅक्टर उतारावर स्थिर राहतो असं ऐकलंय, ते कितपत खरं? शिवाय हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता पेडलने वेग कमी-जास्त होणारा) घ्यावा की गिअरचा? टायर कुठले? आणि मागे स्लॅशर (जमिनीला समांतर फिरणाऱ्या जड ब्लेडांचा) लावावा की फ्लेल मोअर (आडव्या दांड्यावर अनेक लहान पाती असलेला)?

तीनपॉइंट:
नुसत्या वजनाने ट्रॅक्टर स्थिर होत नाही. वजन किती उंचीवर आहे आणि मागची चाकं किती लांब-लांब आहेत, यावर सगळं ठरतं. समजा मागच्या चाकांमधलं अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत), म्हणजे ट्रॅक, १२० सेंमी आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमीवर. कागदावर असा ट्रॅक्टर सुमारे ४३ अंशांपर्यंत आडवा कलू शकतो. तेच अंतर १५० सेंमी केलं तर ४९ अंश. मग मॅन्युअलमध्ये मर्यादा इतकी कमी (बसून चालवायच्या बऱ्याच मोअरना १५ अंश) का देतात, हे समजून घ्या, कारण तुमच्या जमिनीचा खरा धोका तिथेच आहे.

पहिलं कारण म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल. तो मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे पुढची चाकं जमिनीवर टेकलेली दिसत असली तरी स्टॉपला (झुलणं अडवणाऱ्या ठोकळ्याला) लागेपर्यंत ती ट्रॅक्टरला कलण्यापासून अडवत नाहीत. ट्रॅक्टर खरा उभा असतो तीन बिंदूंवर: मागची दोन चाकं आणि पुढची पिन. म्हणजे आधाराचा आकार चौकोन नसून त्रिकोण आहे.

दुसरं कारण तुमचे दगड आणि खड्डे. वरच्या बाजूचं मागचं चाक १० सेंमी दगडावर चढलं आणि त्याच वेळी खालचं चाक १० सेंमी खड्ड्यात उतरलं, तर १२० सेंमीच्या ट्रॅकवर कल साडेनऊ अंशांनी वाढतो. १२ अंशांचा उतार त्या क्षणी साडेएकवीस अंशांचा होतो. वेग असेल तर चाक खड्ड्यात आपटल्यावर ट्रॅक्टर त्या कोनावर थांबत नाही, झोकाने आणखी पुढे जातो. बऱ्याच पलट्या अशाच होतात. म्हणून उतार मोजताना सरासरी धरू नका. १ मीटरची सरळ फळी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, लेव्हल लावून फळी आडवी धरा आणि खालच्या टोकाखालची फट मोजा. १८ सेंमी भरली तर १० अंश, २७ सेंमी म्हणजे १५ अंश, ३६ सेंमी म्हणजे २० अंश. गवत कापल्यावर, जिथे चाकं जाणार तिथेच मोजा.

म्हणून ट्रॅक्टर बघताना आधी विचारा, मागचा ट्रॅक किती रुंद करता येतो? बऱ्याच ट्रॅक्टरांत रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून रुंदी वाढते. ती सोय नसेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेले स्पेसर (चाक बाहेर सरकवणारे तुकडे) हवेत, कुठलेही चालणार नाहीत. नट ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा तपासा. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्यानेही फरक पडतो, कारण ते वजन तळाशी राहतं. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरा, साधारण ७५ टक्के. वर हवेची जागा राहिलीच पाहिजे. पाणी गोठेल अशा थंडीत कॅल्शियम क्लोराइड घालतात, पण ते रिम गंजवतं, तेव्हा ट्यूब असलेल्या टायरमध्येच वापरा.

रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी मजबूत कमान) आणि सीट बेल्ट या दोन्हींशिवाय उतारावर जाऊच नका. बेल्ट न लावता रोल बारचा उपयोग नाही. माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच बारखाली सापडतो. दुमडता येणारा बार असेल तर तो उभा करून पिन लावलेली हवी. झाडांखाली नाइलाजाने दुमडलाच तर तेवढ्यापुरता बेल्ट काढायचा.

गिअरपेटी:
वरच्या मुद्द्यांशी सहमत. दोन्ही पर्यायांत मी डोळे झाकून फोर व्हील ड्राइव्ह घ्यायला सांगेन, आणि त्याचं मुख्य कारण चढ नाही, उतरण आहे.

बहुतेक लहान ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागे असतात. खाली उतरताना वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या गवतावर घसरायला लागतात. टू व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनचा रोधही मागच्याच चाकांवर येतो, म्हणजे ती घसरली की हातात काहीच उरत नाही. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेला असेल तर पुढचा अ‍ॅक्सल मागच्या डिफरेन्शियलशी (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या संचाशी) शाफ्टने बांधलेला राहतो, त्यामुळे मागचा ब्रेक दाबला तरी पुढची चाकंही रोखली जातात. म्हणून लिव्हर उतार लागण्याआधीच टाका, घसरायला लागल्यावर नाही. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडून ठेवा. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो. डिफरेन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) चढावर चाक फिरायला लागण्याआधी, सरळ चालताना लावायचा आणि वळायच्या आधी सोडायचा.

गिअर की हायड्रोस्टॅटिक? तुमच्या कामाला हायड्रोस्टॅटिक. दगड दिसला की क्लचला हात न लावता वेग कमी होतो आणि ब्लेडचा वेग तोच राहतो. दोन पथ्यं मात्र पाळा. रेंज (वेगाचा टप्पा) कायम लो. आणि रेंजचा लिव्हर उतारावर कधीच हलवायचा नाही, कारण तो न्यूट्रलमधून जातो आणि तेवढ्या क्षणात ट्रॅक्टर मोकळा सुटतो. उतरताना पेडल झटक्यात सोडू नका, चाकं एकदम अडून घसरतात. हळूहळू वर आणा.

गिअरचा घेतलात तर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि मधे क्लच दाबू नका. एक गोष्ट नक्की बघा: पीटीओ (मागचं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) कशा प्रकारचा आहे? सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला तरी स्लॅशरची जड ब्लेडं फिरत राहतात आणि तो जोर उलटा गिअरबॉक्समार्गे चाकांवर येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. उतारावर हे फार घातक आहे. तसा ट्रॅक्टर असेल तर पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच (जोर एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवाच. स्वतंत्र पीटीओ (स्वतःचा वेगळा क्लच असलेला) असेल तर हा प्रश्न येत नाही.

टायरमध्ये उंच नक्षीचे शेती टायर उतारावर सगळ्यात घट्ट धरतात. हिरवळ थोडी उखडेल, पण तुमच्याकडे लॉन नाही. हवा दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. पकड वाढावी म्हणून फार उतरवलीत तर खालच्या बाजूचा टायर दबतो आणि कल वाढतो.

एक छोटी गोष्ट राहून जाते: उतारावर जाण्याआधी इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा. पातळी कमी असली की कलल्यावर पंप हवा ओढतो.

रानगवत:
कापणीच्या यंत्राबद्दल लिहितो. स्लॅशरला दर फुटाला साधारण ५ पीटीओ एचपी धरतात. २५ एचपीच्या इंजिनाला पीटीओवर २० च्या आसपास मिळतात, म्हणजे ४ फुटी. फ्लेलला त्याच रुंदीला जास्त ताकद लागते, शिवाय चढावर काही ताकद चढण्यातच जाते, तेव्हा त्याहून मोठं यंत्र घेऊ नका. अडचण अशी की ट्रॅक रुंद केल्यावर टायर ४ फुटी यंत्राच्या बाहेर जातात आणि दाबलेलं गवत उभं राहतं. त्यावर उपाय म्हणजे बाजूला सरकणारं फ्लेल किंवा प्रत्येक फेरीत जास्त ओव्हरलॅप. ट्रॅक कमी करू नका.

माझा कल फ्लेलकडे. ते आखूड आहे, अ‍ॅक्सलच्या जवळ बसतं, त्यामुळे चढावर पुढची चाकं कमी उचलतं. मागचा रोलर जमिनीच्या वळणाप्रमाणे चालतो आणि दगडही कमी लांब फेकतं. स्लॅशरची मागे निघणारी लांबी उंचवट्यावर नडते. पण दगड फारच वर आलेले असतील तर स्लॅशर बरा. त्याची ब्लेडं बिजागरीची असतात, आपटली तर मागे फिरतात, आणि खालची गोल तबकडी दगडावरून घसरून जाते. तसा घेतलात तर पुढे-मागे साखळ्यांचा पडदा हवाच.

टॉप लिंक (यंत्राला वरून धरणारा दांडा) खिळवून ठेवू नका. खाचेच्या ब्रॅकेटमध्ये पिन सरकू द्या. नाहीतर ट्रॅक्टरचं नाक खळग्यात गेलं की यंत्र हवेत उचललं जातं आणि उंचवट्यावर माती खरवडतं. लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली ठेवा, कापायची उंची रोलर किंवा मागच्या चाकाने ठरवा. चेक चेन (यंत्राला बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या) घट्ट करा, नाहीतर आडव्या उतारावर यंत्र खालच्या बाजूला झोकांडतं आणि टायरला घासतं. पीटीओ शाफ्ट यंत्र पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्ही स्थितीत तपासा. जास्त लांब असेल तर उंचवट्यावर आत दबून गिअरबॉक्सचं सील फोडतो.

माळरान:
सगळ्यांचे आभार. म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट, ट्रॅक रुंद, टायरमध्ये पाणी, मागे फ्लेल. १८ अंशांचा पट्टा उभा कापला तर चालेल का? आडवा नाही जाणार.

तीनपॉइंट:
बसून चालवायच्या बऱ्याच मोअरच्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांची मर्यादा असते, आणि तुमच्याकडे शिवाय खड्डेही आहेत. तो पट्टा ट्रॅक्टरसाठी सोडून द्या. तिथे मागे चालत हाकायचं दोन चाकांचं यंत्र, दुहेरी चाकं लावून आणि पुढे सिकल बार (कात्रीसारखी सरकणारी पाती) बसवून, किंवा सरळ ब्रश कटर वापरा. सिकल बार हलका असतो आणि दगड फेकत नाही.

ट्रॅक्टर जिथे जातो तिथेही तीव्र तुकड्यावर रिव्हर्समध्ये वर चढा आणि कापत सरळ खाली या, म्हणजे जड बाजू कायम चढाकडे राहते. आडवं जाताना वळायचं झालंच तर उताराच्या दिशेने, हळू. वेग ताशी २ ते ४ किमी. आणि गवत वाढण्याआधी त्या बुंध्यांच्या खड्ड्यांपाशी उंच काठ्या रोवून ठेवा. गुडघाभर गवतात ते दिसत नाहीत.