माशाच्या गाठीची शस्त्रक्रिया बेळगाव परिसरात कोणी करते का?

टिळकवाडीकर
आमच्या माशाच्या अंगावरची गाठ वाढतच चालली आहे. दवाखान्यात नेले, तर 'कुत्रे-मांजर असेल तर आणा' असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. बेळगाव, खानापूर किंवा कोल्हापूर येथे गाठ काढून देणारे डॉक्टर कोणास ठाऊक असल्यास कृपया लगेच कळवावे. औषधे सुचवू नयेत, ती सर्व करून झाली आहेत.

खानापूरचे काका
मासा कोणता, गाठ कोठे आणि केवढी, हे लिहिल्याशिवाय आम्ही काय सांगणार? ओरांडा गोल्डफिशच्या डोक्यावरचा मांसल तुरा हीच गाठ समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

वडगावचा मत्स्यप्रेमी
जाडे मीठ घाला. माझ्या मोली माशांना दर वेळी त्यानेच गुण आला आहे. फिल्टर कोणता वापरता?

टिळकवाडीकर
ओरांडाच आहे, परंतु गाठ शेपटीच्या मुळाशी, डाव्या अंगाला आहे. ती गुलाबी आणि टणक असून मासा वळताना खड्यांना घासते, तेव्हा खवले गळालेल्या जागी रक्ताचा ठिपका उमटतो. खाणे मात्र व्यवस्थित आहे. मीठही घालून झाले. फिल्टरचा येथे काय संबंध?

निपाणीची वाचक
मिठाने गाठ विरत नाही, वडगावच्या दादांनी हे लक्षात घ्यावे. पांढरे, खरखरीत पुंजके असते तर लिम्फोसिस्टिस या विषाणूजन्य रोगाची शंका घेता आली असती. तो बहुधा आपोआप ओसरतो. आपण लिहिलेले वर्णन मात्र त्वचेखालच्या तंतुमय गाठीशी जुळते आणि गोल्डफिशमध्ये अशा गाठी होतात. अर्थात काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीस पाठवल्याशिवाय निश्चित निदान होत नाही.

शहापूरचा मत्स्यपालक
यासाठी डॉक्टर कशाला? लवंगतेलाने गुंगी आणा आणि नव्या ब्लेडने गाठ घरीच काढा.

निपाणीची वाचक
हा सल्ला कृपया कोणी मानू नये. लवंगतेलाची गुंगी खरी आहे. पण तेच तेल जास्त झाले की मासा दगावतो, किंबहुना वेदनारहित मृत्यू देण्यासाठीही ते वापरतात. पशुवैद्य बहुधा ट्रायकेन हे माशांचे गुंगीचे औषध वापरतात आणि त्याने पाणी आम्लधर्मी होते म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालतात. मासा ओल्या स्पंजच्या खाचेत ठेवून गुंगीचे पाणी नळीने तोंडातून कल्ल्यांवर सतत वाहते ठेवावे लागते. एक हात त्यात गुंतल्यावर ब्लेड कोण धरणार? शिवाय माशाची त्वचा फारशी ताणली जात नसल्याने मोठी जखम टाके घालून मिटत नाही, ती तशीच भरू द्यावी लागते. मुळाचा अंश राहिल्यास गाठ पुन्हा येते, हेही आधीच समजून घ्यावे.

खानापूरचे काका
मंगळूरचे मत्स्य महाविद्यालय १९६९ पासूनचे आहे, तेथे विचारावे.

वडगावचा मत्स्यप्रेमी
त्यापेक्षा रत्नागिरीजवळचे शिरगावचे महाविद्यालय आपल्याला जवळ आहे, काका.

टिळकवाडीकर
हा वाद नंतर घालावा. कोल्हापूरला पक्ष्यांवर शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर पाहण्यास तयार झाले आहेत. मासा कसा न्यावा?

निपाणीची वाचक
आदल्या दिवसापासून खाणे बंद ठेवावे. पिशवीत एक तृतीयांश पाणी ठेवून बाकी जागेत प्राणवायू भरून घ्यावा. टाकीचेच पाणी कॅनमध्ये वेगळे न्यावे, कारण गुंगी देण्यास आणि ती उतरवण्यास तेच लागेल. दवाखान्यातल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असू शकते.