51 ग्रॅमला 10 वर्षं आणि 49 ला जजच्या मर्जीवर? एनडीपीएस म्हणजे ड्रग्जविरोधी कायद्याबद्दल विचारायचंय

कळवा_स्लो_लोकल
आमच्या बिल्डिंगमधला पोरगा, वय 22, डिलिव्हरीचं काम करायचा, गेल्या वर्षी एमडीच्या (मेफेड्रोन, नशेची पावडर) केसमध्ये आत गेला. मित्राने स्कूटीच्या डिकीत पुडकं ठेवायला दिलं असं तो म्हणतो, खरंखोटं देव जाणे. वजन भरलं 52 ग्रॅम. परवा त्याच्या आईबरोबर ठाणे कोर्टात गेलो, नेहमीसारखी नुसती तारीख मिळाली, बाहेर चहा पिताना वकील म्हणाले की 50 च्या वर म्हणजे कमर्शिअल, सिद्ध झालं तर कमीत कमी 10 वर्षं आणि वर 1 लाख दंड, जजसाहेबांना वाटलं तरी त्याखाली जाता येत नाही. काकूंनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. मग जज कशाला हवाय, वजनकाटाच बसवा ना खुर्चीत! हे बदलायची कुठे काही हालचाल आहे का?

कारकून_कोर्टनाका
वकिलांकडे 14 वर्षं फायली उचलतोय, तेवढ्या अनुभवावर सांगतो. एमडी 2 ग्रॅमपर्यंत स्मॉल, त्याला जास्तीत जास्त 1 वर्ष. 2 ते 50 मधल्याला 10 वर्षांपर्यंत, पण खाली मर्यादा नाही, जज 6 महिने पण देऊ शकतो. 50 ओलांडलं की 10 ते 20. म्हणजे 3 ग्रॅमने माणसाचं आयुष्य फिरतं. त्यात 2020 च्या हीरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळं वजन धरतात, 52 मधला 40 ग्रॅम ग्लुकोज असला तरी 52 च. कलम 37 मुळे जामीन मुश्किल, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे कलम 35 खाली आरोपीनेच सिद्ध करायचं. पहिलाच गुन्हा म्हणून प्रोबेशन मागावं तर तेही नाही.
मला सगळ्यात जास्त खटकतं ते कलम 32बी. शिक्षा किमानपेक्षा वाढवायला काय काय बघायचं त्याची यादी आहे, हत्यार वापरलं का, लहान मुलं वापरली का, शाळेजवळ केलं का वगैरे. कमी करायला काय बघायचं, त्याची एक ओळ पण नाही.

घणसोलीची_ताई
सगळे त्या पोराचंच बघताय. माझ्या सख्ख्या भाच्याने एमडीपायी आईचं मंगळसूत्र विकलं, आता हाडं राहिलीत नुसती. त्याला पुड्या आणून देणारा पण असाच ‘गरीब डिलिव्हरीवाला’ होता. जजवर सोडलं तर पैसेवाला मोठा वकील लावून 2 वर्षांत बाहेर येईल, किमान शिक्षा आहे म्हणून थोडी तरी भीती आहे. राग आला तर येऊ दे.

न्यूजर्सी_रिटर्न_ऐरोली
ताई राग नाही, पण अमेरिकेने हेच करून पाहिलंय. 1986 मध्ये लेन बायस नावाचा बास्केटबॉलवाला कोकेनने गेला आणि काही महिन्यांत कायदा आला, 5 ग्रॅम क्रॅकला (कोकेनचेच ओढायचे खडे) किमान 5 वर्षं, आणि तीच 5 वर्षं पावडर कोकेनला कधी तर 500 ग्रॅमला. वस्तू मुळात एकच, पण क्रॅकमध्ये सापडणारे बहुतेक काळे. ते 100 ला 1 प्रमाण 18 ला 1 वर यायला 2010 उजाडलं आणि आधीच आत असलेल्यांना फायदा मिळाला 2018 च्या फर्स्ट स्टेप अ‍ॅक्टने. तिथे वेल्डन अँजेलोस म्हणून एकाला गांजा विकताना जवळ बंदूक होती म्हणून 55 वर्षं दिली, देणाऱ्या जजने निकालातच लिहिलं की हे अन्यायाचं आहे पण माझे हात बांधलेत. 2016 ला सुटला तो. आणि पैसेवाल्याचं म्हणाल तर, त्याच्याकडे वरची नावं असतात सांगायला, सरकारी वकिलाशी सौदा तोच करू शकतो, पुडकं नेणाऱ्याला काय माहीत असतं?

कारकून_कोर्टनाका
आपल्याकडे पण थोडं झालंय. 2001 आधी चरस, हेरॉइन विकायला जवळ असलं तर वजन न बघता किमान 10 होती, हे टप्पे नंतर आले. दुसऱ्यांदा मोठ्या मालात सापडला तर सक्तीची फाशी होती, ती 2011 ला आपल्याच मुंबई हायकोर्टाने सक्तीची चालणार नाही म्हटलं, 2014 ला कायदा बदलला. जामिनाला मोहम्मद मुस्लिम, 2023, सुप्रीम कोर्ट, हा निकाल वकिलांना दाखवा, 7 वर्षांहून जास्त आत होता आणि खटला संपत नव्हता म्हणून सोडला. पण किमान 10 ला अजून कोणी हात लावलेला नाही.

मुंब्रा_बायपास
ताईंचं पण बरोबर आणि पोराचं पण बरोबर, डोकं फिरलं वाचून

कळवा_स्लो_लोकल
ताई, भाच्याचं वाचून वाईट वाटलं, आमचा पोरगा धुतल्या तांदळाचा आहे असं मी पण म्हणत नाहीये. कारकूनसाहेब, एक शंका, पंचनाम्यात ‘प्लास्टिक पिशवीसह 52 ग्रॅम’ असं लिहिलंय, पिशवी पण धरतात का?

कारकून_कोर्टनाका
अहो हे आधी सांगायचं ना! भेसळ धरतात, पिशवी नाही. मॅजिस्ट्रेटसमोर सॅम्पल काढताना निव्वळ वजन किती लिहिलंय ते बघा, आणि सीए (केमिकल अ‍ॅनालायझर, सरकारी लॅब) रिपोर्टमधलं पण. उद्याच वकिलांना फोन करा, तारखेची वाट बघू नका.