वर्षभराच्या वाचनसंकल्पासाठी सूत्र कोणते घ्यावे?

प्रश्न (यावल)

नमस्कार. आमच्या वाचक गटाने येत्या गुढीपाडव्यापासून वर्षभर महिन्याला एक पुस्तक वाचायचे ठरवले आहे. गटात शिक्षक आहेत, केळी-कापूस करणारे शेतकरी आहेत आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. सर्व पुस्तके एका सूत्रात बसावीत यावर एकमत आहे. सूत्र कोणते, यावर मात्र नाही. काहींना फक्त खानदेशातील लेखक हवेत, तर काहींना पुरस्कारप्राप्त पुस्तके. मला दोन्ही याद्यांविषयी शंका वाटते, कारण पहिलीत पुस्तकापेक्षा लेखकाच्या जन्मगावाला महत्त्व येते आणि दुसरीत निवड आधीच दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेली असते. आपण काय सुचवाल?

उत्तर (धुळे)

आपली शंका रास्त आहे. ‘खानदेशी लेखक’ हे सूत्र घेतले, की साने गुरुजींपाशीच अडखळायला होते. ते अमळनेरला शिक्षक होते म्हणून आपण त्यांना आपले मानतो. पण त्यांचा जन्म पालगडचा, ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तिच्यातले जग सगळे कोकणातले आहे. अशा वादात एक बैठक सहज खर्ची पडेल आणि पुस्तकाविषयी कोणी बोलणार नाही.

माझ्या मते सूत्र एखाद्या प्रश्नाच्या रूपात असावे. उदाहरणार्थ, माणूस गाव का सोडतो आणि परत आल्यावर त्याला काय सापडते? नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि सारे अर्धवट टाकून गावी येतो, ‘हिंदू’तला (२०१०) खंडेराव वडिलांच्या अखेरच्या आजारपणामुळे मोरगावला परततो. ही दोन्ही खानदेशची पुस्तके आहेत, पण यादीत ती केवळ त्या कारणाने येत नाहीत. त्यांच्याजवळ गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ ठेवा. द्रव्यार्जनासाठी वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो आणि गंगेची कावड घेऊन घरी येतो. ‘बनगरवाडी’त तर बाहेरचा तरुण मास्तर वस्तीवर येतो आणि शेवटी दुष्काळाने वस्तीच उठते. ‘बलुतं’ही हवेच, कारण गाव सुटल्यावर गावाने लादलेली जात सुटते का, हा प्रश्न दया पवारांइतक्या थेटपणे यातल्या इतर कोणी विचारलेला नाही.

उत्तर (अमळनेर)

सरांचे सूत्र मला आवडले, पण त्यांच्या यादीत गाव सोडणारे सगळे पुरुषच आहेत. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाईने लग्नात गाव सोडलेले असते आणि तिला कोणी स्थलांतरित म्हणत नाही. बहिणाबाई आसोद्याहून जळगावला आल्या. अंतर फार नव्हते, तरी माहेरची ओढ त्यांच्या ओव्यांतून हटत नाही. त्यांची गाणी वैशाखात घ्यावीत, कारण तेव्हा आखाजी असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात आणि आखाजीवरची कविता त्या संग्रहात आहेच. गटाबाहेरच्या आयाबहिणीही त्या बैठकीला येतील आणि गाणी वाचण्याऐवजी म्हणतील. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही घ्यावीत: नवऱ्याने धर्म बदलल्यावर घरात राहूनही आपले जग कसे सुटते, हे त्यात आहे.

महिन्यांचा विचार मात्र शेतीकडे पाहून करावा. कापूस वेचणीच्या दिवसांत ‘हिंदू’सारखा जाडजूड ग्रंथ दिला, तर शेतकरी सभासद पहिल्याच महिन्यात गळतील. त्या काळात ‘बनगरवाडी’ शोभेल, कारण ती लहान आहे. मोठ्या पुस्तकाला सलग दोन महिने द्यावेत, म्हणजे यादीत बाराऐवजी अकरा पुस्तके राहिली तरी चालेल.

उत्तर (भुसावळ)

थोडा विरोध नोंदवतो. वर्षभर एकाच प्रश्नाभोवती फिरलो, तर सहाव्या महिन्यापर्यंत प्रत्येक जण तेच तेच बोलू लागतो. म्हणून दोन महिने सभासदांच्या पसंतीसाठी मोकळे ठेवावेत आणि एक पुस्तक मुद्दाम दूरचे घ्यावे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते आणि तिच्यात जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. गाव सोडणे हा आपला पिढीजात अनुभव आहे असे समजणाऱ्यांना, ज्यांना परतण्याची सोयच नाही अशी माणसे त्यात भेटतील.

यादी पक्की करण्यापूर्वी ग्रंथपालांकडे प्रत्येक पुस्तकाच्या प्रतींची चौकशी करा. एकच प्रत असेल आणि ती पंधरा दिवस एकाच घरी राहिली, तर बैठकीला पुस्तक न वाचलेलेच अधिक जमतात. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत सर्वांनी शक्यतो एकच आवृत्ती घ्यावी. पानांचे आकडे जुळले नाहीत, की चर्चेतला अर्धा वेळ उतारा शोधण्यात जातो.

प्रश्नकर्त्याकडून

ताईंचा मुद्दा गटाला दाखवला आणि वैशाखासाठी बहिणाबाई ठरल्या. ‘रणांगण’ला काकांचा पाठिंबा आहे. ‘हिंदू’ आषाढ-श्रावणात घ्यावी की पेरणी-कोळपणी उरकल्यावर भाद्रपदापासून, यावर शेतकरी सभासदांचे मत विचारतो आहे. मोकळ्या दोन महिन्यांपैकी एकात कोणी प्रवासवर्णन सुचवले, तर तेही कळवावे.