वाढदिवसाला पुन्हा गेमच द्यायचा का?

सुतारपक्षी
परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "ज्याला गेम हवाय त्याला गेमच द्या. कोडी, पुस्तकं, विज्ञानाचे संच देणारे लोक मुलाला नव्हे, स्वतःच्या हौसेला भेट देत असतात." खाली अनुमोदनांची रांग. वाचून डोकं फिरलं. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला "काय हवंय?" विचारलं की तो काय सांगणार? रोज दिसतं तेच. एक गेम खेळताना दुसऱ्याची जाहिरात, यूट्यूबवर तोच, मित्रांच्या तोंडी तोच. बाकीच्या गोष्टी त्याच्या नजरेसमोर येतच नाहीत. त्याने मागितलं नाही म्हणजे त्याला नकोय, हा निष्कर्ष काढायची एवढी घाई का?

माझ्या भाचीने गेममधली नाणी मागितली होती. मी खिशात मावेल असा सूक्ष्मदर्शक दिला. तिचं तोंड उतरलं, ते मला दिसलं. पण मी तिथून उठलो नाही. काळ्या कागदावर मिठाचे दाणे टाकले, त्याचा छोटा दिवा लावला आणि फोकसचं चाक तिच्याच हातात दिलं. आधी नुसता पांढुरका डाग. मग एकदम कडा उमटल्या. "मामा, हे तर ठोकळे आहेत!" मग साखर, मग खिडकीत मेलेल्या डासाचा पंख. पंखाच्या कडेला बारीक खवल्यांची झालर असते, ती मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. भाची आजही गेम खेळते, भरपूर खेळते. ते सोडवायला मी गेलोच नव्हतो. पण आता काहीही सापडलं की ते त्या भिंगाखाली जातं. ज्याच्याकडे आधीच ढीगभर गेम आहेत त्याला आणखी एक देऊन यातलं काय साधलं असतं?

घारीचा डोळा
सुतारपक्षी, तुम्ही मामा आहात. भेट देऊन घरी जाणारे. मागे राहणाऱ्यांचं ऐका.

माझ्या मुलाला एकाच वाढदिवसाला तिघांनी रोबोट बनवायचे संच दिले. त्याला विचारलं नाही, मला विचारलं नाही. एकाची मोटर लगेच बंद पडली, दुसऱ्याची माहितीपत्रिका मोठ्यांनाही कळेना, तिसरा कपाटावर गेला. आणि भेटेल तो विचारणार, "काय रे, रोबोट झाला का?" त्या पोराला वर्षभराचा गृहपाठ मिळाला.

त्याला खरं हवं होतं माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे रचून स्वतःचं जग बांधायचा गेम. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेला गेम मुलं अजून खेळतात, ते काय उगाच? माझ्या मुलाने त्यात रेडस्टोन, म्हणजे गेममधल्या विजेच्या तारा, वापरून एक दार केलं. दोन्ही कळा एकदम खाली असल्या तरच उघडणारं. एक कळ दाबली, दार बंद. दुसरीही दाबली, दार उघडं. हे असं का होतं ते त्याने मला कागदावर काढून समजावलं. लांब राहणारा आतेभाऊ त्याच जगात त्याच्याबरोबर बांधकाम करत असतो. दोघांची एरवी वर्षभर भेट होत नाही. ती नाण्यांची भेट तुम्ही नाकारलीत, म्हणजे नेमकं काय नाकारलंत, हे भाचीला विचारलंत का?

मधली सुट्टी
थोडं अवांतर, पण बोलणारच. काहीही द्या, गेममधली नाणी आणि त्यांची गिफ्ट कार्डं देऊ नका. हात जोडून सांगते.

मुलाला गेम देणं वेगळं आणि त्याला दुकानात सोडून येणं वेगळं. आजचे कितीतरी गेम फुकट सुरू होतात आणि पात्रांचे पोशाख, नाच, बॅटल पास (खेळत गेलं की बक्षिसं उघडणारं विकतचं तिकीट) यांच्या विक्रीवर चालतात. नाण्यांच्या गठ्ठ्यांचे आकडे असे ठेवतात की वस्तू घेऊन थोडी नाणी उरतातच. त्या उरलेल्यांत काहीच येत नाही, म्हणून पुन्हा गठ्ठा. वर "आज रात्रीपर्यंतच" म्हणून उलटी मोजणी. मोठी माणसंही यात अडकतात, दहा वर्षांच्या मुलाचं काय घेऊन बसलात? बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच काही गेममधल्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या विकतच्या पेट्यांना, जुगार ठरवलं. अमेरिकेत फोर्टनाइट या असल्याच फुकट गेमच्या कंपनीवर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरचं प्रकरण झालं. त्यातले २४.५ कोटी चुकून खरेदी करायला लावणाऱ्या बटणांबद्दल, ग्राहकांना परत द्यायला. उरलेले मुलांच्या खासगी माहितीबद्दलच्या नियमभंगाचे.

आमच्या घरी नात्यातल्या एकाने हौसेने असं कार्ड दिलं. ते संपल्यावर मुलाने खात्यावर साठवलेलं माझं बँकेचं कार्ड वापरलं. त्याला वाटलं तीच नाणी आहेत, कारण पडद्यावर सगळं सारखंच दिसतं. कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर.

उंबरठा
ताई, खात्यावर तुमचं कार्ड साठवलं कुणी? मुलाने? कन्सोलवर मुलाचं वेगळं खातं काढता येतं, खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते, प्रत्येक खरेदीला मोठ्यांची परवानगी लावता येते. या सोयी कित्येक वर्षं आहेत. सेटिंग न उघडता कंपनीच्या नावाने खडे फोडायचे, हे पटत नाही. उलट गिफ्ट कार्ड सुरक्षित. त्यात आहे तेवढंच जातं.

मधली सुट्टी
उंबरठा, आधी नीट वाचा. गिफ्ट कार्डातून होतं तेवढंच गेलं. सवय राहिली, आणि मी तिच्याबद्दल बोलतेय. परवानगी लावल्यावर काय होतं तेही ऐका. दर संध्याकाळी दारात उभं राहून "आई, हो म्हण ना, वेळ संपतेय". दिवसभराचं काम करून आल्यावर त्या उलट्या मोजणीशी भांडायचं मी. भेट देणारा नामानिराळा.

आणि मुलाच्या आईला "तुमचीच चूक" म्हणणं फार सोपं असतं. जी कंपनी बटण कुठे ठेवावं यावर पगारी माणसं बसवते, तिला एक प्रश्न विचारायला मात्र तुमची जीभ उचलत नाही.

उंबरठा
जीभ उचलते. लूट बॉक्सबद्दल तुमचं म्हणणं मान्य, मुलांच्या गेममध्ये ते नसावेतच. पण त्यासाठी गेम ही भेटच बाद करू नका. एकदा विकत घेऊन संपणारे, आत दुकान नसलेले गेम आहेत. खोक्यावर वयाचा आकडा असतो, त्याच्याजवळ "गेममध्ये खरेदी आहे" हेही छापलेलं असतं. देणाऱ्याने तेवढं तरी वाचावं.

काळी पाटी
मी शाळेत शिकवतो. खरेदीवरून एवढं चाललंय, पण मूळ रोग व्यसन आहे हे कुणी बोलत नाही. सोमवारी पहिल्या तासाला पेंगणारी मुलं मी बघतो. अशा मुलाला वाढदिवसाला गेम देणं म्हणजे दारुड्याला बाटली देणं.

घारीचा डोळा
सर, हा शब्द मागे घ्या. माझ्या मुलाला तुम्ही पाहिलेलंही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या आजारसूचीत गेमिंगचा विकार आहे, आणि जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातले निकष वाचा. खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्यापेक्षा खेळच वरचढ, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच, आणि हे सर्वसाधारणपणे निदान बारा महिने. शाळा, अभ्यास, नाती यांवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. रात्री उशिरापर्यंत खेळून सकाळी पेंगणं म्हणजे झोपेची शिस्त बिघडणं. ती आईवडिलांनी लावावी, मी लावते. पण सरसकट "दारुडा" म्हणून वर्गातल्या मुलांकडे बघणारे शिक्षक असतील, तर ती मुलं गेममध्येच जाऊन बसतील.

काळी पाटी
तुलना कडक झाली असेल. पण पेंगणारी मुलं खरी आहेत, आणि त्यांच्या घरी झोपेची शिस्त लावणारं कुणी असेलच असं नाही. ज्या घरी ती नाही तिथे मी गेम देणार नाही. यावरून मी हटणार नाही.

सुतारपक्षी
धागा भेटीवर होता, बेल्जियमपर्यंत गेला. असो, मुद्दा मोलाचा होता.

घारीचा डोळा, ते दार मला आवडलं, अगदी मनापासून. आणि न विचारता तीन रोबोट देणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण ते रोबोट का पडून राहिले, हे बघा. तिघांपैकी एक जण तरी मुलाबरोबर खाली बसला का? व्हिडिओ गेम दर वेळी जिंकतो कारण तो कधीही तयार असतो. बटण दाबलं की समोर कुणीतरी आहे, पहिली पायरी सोपी आहे, चुकलं तर लगेच पुन्हा सुरू. बुद्धिबळाच्या पटाला दुसरा माणूस लागतो. १९९५ साली आलेल्या कटान या पटावरच्या खेळाला निदान तिघं लागतात. घरात तिसरं माणूस फोनवर असेल तर तो खोका उघडणारच नाही, आणि मग आपण म्हणणार की हल्लीच्या मुलांना हे आवडतच नाही. मुलांना आवडतं. त्यांच्याबरोबर खेळायला कुणी बसत नाही. म्हणून माझा हट्ट आहे की खोका द्यायचा असेल तर पहिला डाव देणाऱ्याने मांडावा. ज्याला तेवढी सवड नाही त्याने खुशाल गेम द्यावा, मी त्याला नावं ठेवणार नाही.

घारीचा डोळा
इतकं आधी लिहिलं असतंत तर मी एवढी तापले नसते. पण हाच नियम गेमलाही लावा. मुलाबरोबर दुसरा कंट्रोलर हातात घेऊन किती मामा-काका बसतात? माझ्या दिराने बसून बघितलं. पहिल्या पातळीवरच पुतण्या त्याला हरवत होता आणि वर शिकवतही होता. त्या दिवशी तो मुलगा जेवढा बोलला तेवढा रोबोटवाल्यांशी आजवर बोललेला नाही.

सुतारपक्षी
बसतो. पुढच्या वेळी भाचीकडे गेलो की ती म्हणेल तो गेम. पण नाणी देणार नाही.

पाणवठा
इतका वेळ नुसती वाचत होते. माझ्या पुतणीला अकरावं लागतंय. घरात कन्सोल आहे, टॅबलेट आहे, आणि तिने एका गेमचं कार्डच मागितलंय. जाऊबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा, मला भांडणात पाडू नका." काय करू?

उंबरठा
मागितलंय ते द्या. अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःचं मत असतं. रक्कम छोटी ठेवा आणि देण्याआधी जाऊबाईंकडून खात्याची खर्चाची मर्यादा लावून घ्या.

मधली सुट्टी
कार्ड अजिबात नको. आत दुकान नसलेला, दोघांनी मिळून खेळायचा गेम घ्या आणि दुसरा कंट्रोलर तुम्ही धरा. जाऊबाई आत्ता भांडणात पडणार नाहीत, पण महिन्याभराने उलट्या मोजणीशी त्यांनाच भांडावं लागेल, हे त्यांना आजच सांगा.