मदत हवी आहे: रॉक बँड ३ ची स्वतः तयार केलेली गाणी प्लेस्टेशन ३ वर नेताना प्रत्येक वाद्याचा वेगळा आवाज कसा टिकवावा?

नमस्कार,

रॉक बँड ३ या वाद्यांच्या आकाराची उपकरणे वाजवून खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी आम्ही तयार केलेली काही मराठी गाणी एक्सबॉक्स ३६० वर व्यवस्थित चालतात. तीच गाणी प्लेस्टेशन ३ साठी रूपांतरित केली की काही सुरू होतात, तर काही लोडिंगच्या पडद्यावरच अडकून बसतात आणि कन्सोल बंद करून पुन्हा सुरू करण्याखेरीज मार्ग उरत नाही. चालणाऱ्या आणि अडकणाऱ्या गाण्यांत फरक कोणता, हे बहुतांशी लक्षात आले आहे. उपाय मात्र सापडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या मराठी मंडळातील मित्रमंडळींनी स्वतः चाली लावलेली आणि घरीच ध्वनिमुद्रित केलेली ही गाणी आहेत, त्यामुळे प्रत्येक वाद्याचा ट्रॅक आमच्याकडे स्वतंत्र उपलब्ध आहे आणि हक्कांचा प्रश्न उद्भवत नाही. गणेशोत्सवात मुलांनी ही गाणी खेळातल्या वाद्यांवर वाजवावीत अशी सर्वांची मनापासून इच्छा आहे. मात्र झांजांसह असलेला पूर्ण ड्रमसेट आणि कीबोर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांचा कन्सोल प्लेस्टेशन ३ आहे आणि त्यांची वाद्ये एक्सबॉक्सला जोडता येत नाहीत. म्हणून गाणीच तिकडे न्यावी लागणार आहेत. त्या कन्सोलवर बदललेले फर्मवेअर (कन्सोलची अंतर्गत प्रणाली) आहे आणि खेळाची डिस्क मूळ, अमेरिकी आवृत्तीची आहे.

गाणी मुळात क्लोन हिरो या संगणकावरील तशाच खेळासाठी तयार झाली. तिथून ती रीपर या ध्वनिसंपादन प्रणालीत आणून मिडी फाइल (कोणती नोट केव्हा वाजवायची याची नोंद) पूर्ण केली आणि ओनिक्स या रूपांतराच्या साधनाने कॉन, म्हणजे एक्सबॉक्सवर चालणारे पॅकेज बनवले. क्लोन हिरोचा चार्ट (त्या खेळाची नोटांची फाइल) आणि रॉक बँडची मिडी फाइल दिसायला सारख्या असल्या तरी ढोलकीच्या बाबतीत एक मोठा फरक आहे, तो इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे कोणाला तरी उपयोग होईल. क्लोन हिरोच्या चार्ट फाइलमध्ये पिवळी, निळी आणि हिरवी नोट मुळात टॉम (ड्रमसेटमधला झांज नसलेला ड्रम) समजली जाते आणि झांज हवी असेल तर ६६, ६७ व ६८ या क्रमांकांची खूण वेगळी द्यावी लागते. रॉक बँडच्या मिडीत नेमके उलट आहे: तिथे तीच नोट मुळात झांज असते आणि टॉमसाठी ११०, १११ व ११२ या नोटांची खूण लागते. खुणा बरोबर उतरल्या नाहीत तर ढोलकीचा प्रत्येक ठोका झांजेवर जाऊन बसतो आणि वाजवणाऱ्याचा हात भलतीकडेच पडतो. आमच्या फाइलींत ही अडचण आता राहिलेली नाही.

गायनाचे बोल रोमन लिपीत, अक्षरागणिक जोडरेषा देऊन लिहिले आहेत. मींड असलेल्या जागी पुढच्या स्वराखाली नवे अक्षर न देता अधिकचे चिन्ह दिले आहे, म्हणजे पडद्यावर एक स्वर दुसऱ्या स्वरापर्यंत सलग वळत जातो. उदाहरणार्थ, एका गाण्यात ‘सावळ्या’ या शब्दातील ‘सा’ पंचमावरून गंधारावर उतरतो; तिथे ‘सा’ एकदाच लिहिला आहे आणि उतार दुसऱ्या नोटेवर अधिकच्या चिन्हाने दाखवला आहे. गायला हे फार छान वाटते. कोरससाठी तीनही हार्मनी ट्रॅक वापरले आहेत.

आता मूळ अडचणीकडे येतो. एक्सबॉक्सचे पॅकेज उघडून पीकेजी, म्हणजे प्लेस्टेशनवर बसवायचे पॅकेज बनवताना ज्या गोष्टी बदलाव्या लागतात, त्यांपैकी बहुतेक जमल्या आहेत. मुखपृष्ठाच्या चित्राचे रंग सुरुवातीला विस्कटलेले दिसत होते. एक्सबॉक्सच्या चित्रात दर दोन बाइटांची अदलाबदल केलेली असते आणि प्लेस्टेशनच्या चित्रात ती नसते, हे लक्षात घेतल्यावर चित्र स्वच्छ दिसू लागले. गाण्याचा ओळखक्रमांक अक्षरांत होता, तो केवळ अंकांचा केला. मिडी फाइल प्लेस्टेशनवर एडॅट या तिथल्या फाइल-स्वरूपात कूटबद्ध करावी लागते आणि तिची किल्ली फोल्डरच्या नावाशी बांधलेली असते, त्यामुळे पॅकेज बनल्यानंतर फोल्डरचे नाव कुठेही बदललेले नाही. पॅकेज बीएलयूएस ३०४६३ या अमेरिकी डिस्कच्याच क्रमांकाखाली जाते, म्हणजे आवृत्तीही जुळते. गाणी यादीत दिसतात, चित्र दिसते, नावे बरोबर येतात.

अडकणाऱ्या गाण्यांत एक समान धागा आहे: त्यांच्या मॉग फाइलीत (गाण्याचा आवाज ठेवणारी फाइल) चॅनल जास्त आहेत. ढोलकी, हलगी, बास, गिटार, हार्मोनियम, मुख्य गायन आणि उरलेला साथसंगतीचा आवाज, असे सर्व स्वतंत्र ठेवल्यामुळे चॅनलांची संख्या १४ पर्यंत जाते. जी गाणी सुरळीत चालतात त्यांत केवळ दोन चॅनलांचे मिश्रण आहे. खात्री करण्यासाठी अडकणारे एक गाणे घेतले, त्याची मिडी फाइल, चित्र आणि माहितीची फाइल जशीच्या तशी ठेवली, फक्त आवाज दोन चॅनलांत एकत्र केला आणि त्यानुसार चॅनलांची मांडणी व आवाजाची पातळी दुरुस्त केली. ते गाणे लगेच सुरू झाले आणि शेवटपर्यंत चालले. मूळ आवाज परत घातला की पुन्हा तिथेच अडकते.

मग दोन चॅनलांवरच समाधान का मानू नये, असे कोणी विचारेल. या खेळाचा प्राणच त्यात आहे, असे मला वाटते. ढोलकीवाल्याचा ठोका चुकला की ढोलकीचा आवाज गळतो, तो परत लयीत आला की आवाज परत येतो. गाणे आपल्या हातून वाजते आहे ही जाणीव तिथूनच येते. सगळा आवाज एकत्र केला की मुलगा वाजवो वा न वाजवो, गाणे आपले चालूच राहते. ज्यांनी महिनोन्महिने एकेक वाद्य वेगळे ध्वनिमुद्रित केले, त्यांच्या मेहनतीवरही त्यात अन्याय होतो.

ही मर्यादा खेळाची नसावी असे मानायला जागा आहे, कारण त्याच कन्सोलवर त्याच डिस्कवरील गाण्यांत वाद्ये स्वतंत्रपणे गळतात आणि परत येतात. शिवाय आमचे १४ चॅनलांचे पॅकेज संगणकावरील आरपीसीएस३ या एम्युलेटरमध्ये (प्लेस्टेशन ३ ची नक्कल करणाऱ्या प्रणालीत) चालते, फक्त खऱ्या कन्सोलवर अडकते. बोलांमधील दीर्घ स्वरांवरच्या रेघा काढून पाहिल्या, त्याने काही फरक पडला नाही. हार्मनी ट्रॅक काढूनही पाहिले, तरी तेच. यूएसबीवर ठेवलेली पीकेजी फाइल अर्धवट उतरली असेल अशी शंका होती. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये आहे आणि फाइल चार जीबीपेक्षा पुष्कळच लहान आहे, त्यामुळे ती शंकाही उरली नाही.

माझा संशय आता मॉग फाइलीच्या घडणीवर आहे. मॉग म्हणजे ऑग व्हॉर्बिस या संक्षेपित स्वरूपातला बहुचॅनल आवाज आणि त्याच्या आधी जोडलेला एक शीर्षभाग, ज्यात गाण्याच्या कोणत्या क्षणासाठी फाइलीत कुठे उडी मारायची याचा तक्ता असतो. चॅनल वाढले की फाइल मोठी होते आणि उड्यांचे अंतरही वाढते. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एमबी सामायिक स्मृती आहे, तर प्लेस्टेशन ३ मध्ये ती २५६ आणि २५६ अशी दोन भागांत विभागलेली आहे. या विभागणीमुळे आवाजासाठी राखलेली जागा अपुरी पडते, की तक्ता ज्या पद्धतीने लिहिला गेला आहे ती पद्धत प्लेस्टेशनच्या आवृत्तीला चालत नाही, हे ज्यांनी प्रत्यक्ष कन्सोलवर काम केले आहे तेच सांगू शकतील.

त्यामुळे जाणकारांना माझी विनंती आहे की दहापेक्षा जास्त चॅनलांची स्वतः तयार केलेली गाणी कोणी खऱ्या प्लेस्टेशन ३ वर चालवली असतील, तर मॉग फाइल कोणत्या साधनाने आणि व्हॉर्बिसच्या कोणत्या दर्जावर बनवली, हे कृपया सांगावे. दर्जा कमी केल्याने अडचण सुटते का? तसे असेल तर गायन आणि ढोलकी मला चांगल्या दर्जावर हवी आहेत, साथसंगत थोडी खाली आणली तरी चालेल, पण एकाच ऑग फाइलीत असे वेगवेगळे दर्जे राखता येतात का? एक्सबॉक्सवर आमची मॉग फाइल कूटबद्ध न करताही चालते. प्लेस्टेशनला ती कूटबद्धच हवी असते का, आणि तसे असेल तर दोन चॅनलांची फाइल तिथे विनातक्रार कशी चालते? ओनिक्सऐवजी नॉटिलस या दुसऱ्या साधनाने रूपांतर केल्यास आवाजाची फाइल नव्याने बांधली जाते, की जुनीच पुढे सरकवली जाते, हेही जाणून घ्यायचे आहे. मधला मार्ग म्हणून ढोलकी आणि गायन एवढेच स्वतंत्र ठेवून बाकी सर्व एकत्र करावे, म्हणजे सहा चॅनलांत भागेल, असाही विचार आहे. पण गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांवर तो अन्याय ठरेल, म्हणून आधी पूर्ण मार्ग शोधत आहे.

अडकणाऱ्या एका गाण्याची माहितीची फाइल, मिडी आणि मॉगचा शीर्षभाग तपासण्यासाठी द्यायला मी तयार आहे. संगीतकार मित्राची त्याला संमती आहे. कोणाला संपूर्ण पॅकेज स्वतःच्या कन्सोलवर चालवून पाहायचे असेल तर तेही पाठवतो. डिस्क युरोपीय आवृत्तीची असेल तर तसे आधी कळवावे, म्हणजे बीएलईएस ००९८६ या क्रमांकाचे पॅकेज वेगळे बनवून देता येईल.