संविधान पुरे की मंडळीही हवी?

मोहननगरकर

पुतण्या पुण्याहून सुटीवर आलाय. परवा जेवताना म्हणाला, "काका, मला मंडळी-बिंडळी नको. मला संविधान पुरे आहे." रागाने नाही, सहज बोलला. मला मात्र रात्रभर झोप नाही. मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांचं चर्च, तिथली माणसं. म्हणून हा धागा.

उदारमतवादी राजकारण माणसाकडे सुटा माणूस म्हणून बघतं. तो हक्क घेऊन येतो, नाती स्वतः निवडतो, नाही पटलं तर सोडतो. राज्याने फक्त कोणी कोणाच्या वाटेत येणार नाही एवढं बघायचं. हे चित्र मुळातच अपुरं आहे असं माझं म्हणणं आहे.

बाबा मे महिन्यात आजारी पडले. ४१ रात्री दवाखान्यात. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या महिला मंडळाच्या बाईंनी वहीचं एक पान फाडलं, पट्टीने रेघा मारल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. घरी जाणारा प्रत्येक जण नाव लिहून गेला. ते पान माझ्याकडे अजून आहे, घडीवर फाटलंय, एका कोपऱ्याला वरणाचा डाग आहे. त्यात रेल्वेतला निवृत्त खलाशी आहे, प्राध्यापक आहे, अजनीचं तेलुगू कुटुंब आहे, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली छत्तीसगडची पोरगी आहे. यातलं आमच्या नात्याचं कोणी नाही, जातीचंही नाही. खलाशीकाकांचं आणि बाबांचं तर वीस वर्षं पटत नव्हतं. त्यांनी सहा रात्री काढल्या. बाबांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देत होते, वॉर्डातला कूलर बंद पडला की पुठ्ठ्याने वारा घालत होते.

बाबांना खाट मिळाली ती हक्काने, ते मी मान्य करतो. पण खलाशीकाका कोणत्या हक्काने आले? बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीचं वर्णन आहे: सगळं समाईक, ज्याला जशी गरज तसं वाटप. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिला, त्यात प्रार्थना आहे, हाताचं काम आहे, आणि आलेल्या पाहुण्याला ख्रिस्त समजून घरात घ्यायचं आहे. त्यांनी रोमची सत्ता हातात घ्यायची खटपट केली नाही. वेगळं जगून दाखवलं. आपल्याच नागपूर शहरात, २९ नोव्हेंबर १९७० ला, सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याआधी चाळीस वर्षं बोलणी चालली होती. एवढी वर्षं न पटणाऱ्यांनी एकमेकांना सोडलं नाही, हे कोणत्या पक्षाला जमलंय?

घर आणि मंडळी हीच आपली खरी राज्यव्यवस्था आहे. संविधानावर माझा राग नाही, पण त्यावर घर चालत नाही.

वैदर्भी

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दादा, मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आमच्या महाल वस्तीतही शेजारी पिठलं-भाकर घेऊन येतात. यात ख्रिस्ती काय?

मोहननगरकर

ताई, शेजारधर्म मोठाच आहे. मी म्हणतोय ते न पटणाऱ्या, न शोभणाऱ्या माणसाशीही बांधलेलं असण्याबद्दल. खलाशीकाका आमच्या गल्लीतले नव्हते.

इंदोरा चौक

भाऊ, तुम्ही बांधलेलं असणं चांगलं म्हणून राहिले, कारण तुम्हाला बांधणारी माणसं चांगली भेटली. माझ्या आजोबांचं गाव कुहीकडं. गाव म्हणजे समुदायच होता ना? सगळे एकमेकांना बांधलेले, पिढ्यान् पिढ्या. अन् त्याच गावाच्या विहिरीवर आजोबांची बादली चालत नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं की या मसुद्यानं खेड्याला सोडून व्यक्तीला एकक धरलं याचा मला आनंद आहे. ते वाक्य आमच्याकडं पोट्ट्यांना पाठ आहे. तुमच्यासाठी सुटा माणूस म्हणजे अपुरं चित्र असन, आमच्यासाठी ती सुटका होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत होते. पण २२ प्रतिज्ञा त्यांनी 'मी' म्हणून घेतल्या. 'आम्ही' नंतर आलं.

आणखी एक. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंना अन् मोजक्याच शीख जातींना होता. १९५६ ला बाकीचे शीख आले, १९९० ला बौद्ध. तुमच्या मंडळीतला दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. त्याच्यासाठी वहीचं पान फाडून चालत नाही, तिथं कायदाच बदलावा लागते.

धंतोलीचा वकील

मूळ लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. तुमची मंडळी जन्माला आली तीच कोणीतरी आपली मंडळी सोडली म्हणून. कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण घ्या. नागपुरात अप्पासाहेब बुटी या श्रीमंतांकडे वैदिक ग्रंथांचं काम करत होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो घर, जात, सासर सगळ्यांच्या विरोधात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांनी किती सोसलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. 'घर आणि मंडळी हीच राज्यव्यवस्था' हा नियम तेव्हा लावला असता तर टिळक ख्रिस्ती झालेच नसते.

कलम २५ मधलं धर्मस्वातंत्र्य व्यक्तीला आहे. याच नागपुरात १९५४ ला नियोगी समिती नेमली गेली आणि मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या कामाची चौकशी झाली. समुदाय आपल्या माणसाला जाऊ देत नाही, तेव्हा त्या माणसाच्या बाजूने उभं राहणारं काहीतरी लागतं. तुम्ही ज्याला अपुरं म्हणता त्याच्याच आधाराने तुमचं दार उघडं आहे.

सदरवाली

मी ख्रिस्तीच आहे, दुसऱ्या मंडळीतली. नाव सांगत नाही.

माझा नवरा मारायचा. मी चर्चच्या वडीलमंडळींकडे गेले. त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, प्रार्थना केली आणि मला सांगितलं की घर जोडून ठेवणं बाईच्या हातात असतं. त्या रात्री पुन्हा मार बसला, तक्रार केली म्हणून. पाळकीणबाई दुसऱ्या दिवशी केक घेऊन आल्या. त्या माझ्या ओठाकडे बघत नव्हत्या, डब्याकडे बघत होत्या.

मला घटस्फोट मिळाला तो कोर्टात. आणि तोही २००१ नंतरची बाई म्हणून. १८६९ च्या आपल्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसता मार पुरत नव्हता. संसदेने कायदा बदलला.

पंडिता रमाबाई तुमच्याही आणि माझ्याही. दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातून मुली नेऊन त्यांनी केडगावला मुक्ती सदन हा आश्रम उभा केला, तुम्ही म्हणता तसाच समाईक. पण त्याच रमाबाई इंग्लंडमध्ये आपल्या आश्रयदात्या सिस्टर्सशी भांडल्या होत्या, माझ्या श्रद्धेचा निर्णय माझी सदसद्विवेकबुद्धी करेल म्हणून.

मोहननगरकर

तीन दिवस काही लिहू शकलो नाही.

इंदोरा भाऊ, तुमचं 'मी'बद्दलचं म्हणणं मी घेतलं. पण बाबासाहेबच २५ नोव्हेंबर १९४९ ला म्हणाले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत, ती टिकवायला शिपाई उभा करावा लागेल. बंधुता कायद्याने कशी आणायची? ती कुठेतरी शिकावी लागते. मी ती मंडळीत शिकलो, तुम्ही विहारात शिकला असाल. टिळकांनीही १९१७ ला 'देवाचा दरबार' नावाचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. म्हणजे घर सोडून निघालेला माणूसही शेवटी घरच बांधायला बसला. वकीलसाहेब, यावर मी ठाम आहे. पण 'संविधानावर घर चालत नाही' हे मी फार सहज लिहिलं. काही घरांतून जिवंत बाहेर पडायलाही ते लागतं.

सदरवाली ताई, मी आमच्या कमिटीवर नऊ वर्षं आहे. अशी एक बहीण आमच्याकडेही आली होती. आम्हीही समोरासमोर बसवलं होतं. ती नंतर यायची बंद झाली आणि कोणी वहीचं पान फाडलं नाही.

सदरवाली

ती कुठे आहे आता?

मोहननगरकर

माहेरी, काटोलला, असं ऐकलंय. मी गेलो नाही कधी.

रविवारी कमिटीपुढे मांडतोय: अशी बाई आली तर आधी तिच्या राहण्याची सोय. पोलिसात जायचं असेल तर मंडळीतल्या दोघी तिच्याबरोबर. समेटाचा शब्द तिने काढल्याशिवाय कोणी काढायचा नाही.

सदरवाली

कमिटीत बायका किती?

मोहननगरकर

अकरात दोन. त्या बैठकीला दोघींपैकी एकही नव्हती.

इंदोरा चौक

आधी काटोलला जाऊन या भाऊ.

मोहननगरकर

शनिवारी सकाळच्या एस. टी.ने निघतोय. महिला मंडळाच्या बाई बरोबर येताहेत. तिला भेटायचं नसेल तर दारावरून परत येऊ.